ऐनवेळचे विषय

एकवीस वर्षं मी या कॉलेजच्या सभांचं इतिवृत्त लिहिते.
एल्डोरेट, दुसरा मजला,
खिडकीतून युगांडाकडे जाणारे टँकर दिसतात
आणि सभा लांबली की मी ते मोजते.

आज विषय क्रमांक चार:
अभ्यासक्रम बाजाराच्या गरजेशी जोडणे.
माझ्या वहीत हा सहाव्यांदा आला आहे.

पहिल्यांदा आला तेव्हा सूतगिरणीला माणसं हवी होती.
आम्ही समिती नेमली, उपसमिती नेमली,
मंजुरीच्या शिक्क्याला तीन वर्षं आणि दोन मंत्री लागले.
शिक्का आला त्याच आठवड्यात
गिरणीच्या फाटकाला कुलूप.
बैल गेला अन् झोपा केला,
पण झोपा मात्र आम्ही मजबूत बांधला:
चौऱ्याऐंशी विद्यार्थी, दोन माग,
आणि बुसोलो सर.

मग गुलाबांची शेतं आली. मग फोनवर बोलणारी कंपनी,
जिच्यासाठी एक अख्खं सत्र
पोरांचे उच्चार आम्ही धुतले, पिळले, वाळत घातले.
कंपनी दुसऱ्या देशात गेली. उच्चार इथेच राहिले;
अजूनही एखादा बोडाबोडावाला
भाडं सांगताना 'र' गिळतो.

आज नैरोबीहून मिस्टर गिचुरू आलेत.
बावीस पानं, रंगीत.
'कौशल्य' हा शब्द ते असा उच्चारतात
की वाटावं, टेबलावर ठेवलाय, हात लावून बघा.
डॉ. किमेली मान डोलावतात.
बुसोलो सर एकच विचारतात,
"याची गरज किती दिवस राहील?"
"अठरा महिने तरी. नंतर पुन्हा बघू."
पदवी चार वर्षांची आहे.
सर बोटांवर काहीतरी मोजतात आणि गप्प बसतात.
गप्प बसणं इतिवृत्तात घेता येत नाही.

ठराव: वस्त्रविभाग बंद. सर्वानुमते.
बुसोलो सरांचाही हात वर होता,
बाहीचं बटण तुटलेलं.

संध्याकाळी मी बाजारात गेले.
हा बाजार कुणाच्या तक्त्यात नसतो.
इथे मितुंबाचे गठ्ठे फुटतात,
अनोळखी गावांतल्या माणसांचे सदरे ढिगाने पडतात,
एखाद्या खिशात बर्फावरच्या खेळाचं तिकीट निघतं.
जेलगट इथे बसते.
तिचं पदवीपत्र मीच टाइप केलं होतं, नावात एक चूक करून.

मी एक सदरा उचलला. तिने शिवणीतून धागा ओढला,
बोटांत उलटा फिरवून पीळ सोडवला.
"चाळीस नंबरचं सूत, विंचरलेलं. घ्या.
तो निळा नको, दोन धुण्यांत कोपरावर विरेल."
आजूबाजूचे सात दुकानदार
गठ्ठा विकत घ्यायच्या आधी तिला बोलावतात,
गठ्ठ्यामागे शंभर शिलिंग.
त्या बावीस पानांत या कामाला रकाना नाही.
सुंभ जळला म्हणे.
पुढचं जेलगटच्या बोटांत बघावं.

"विभाग बंद होतोय असं ऐकलं," ती म्हणाली.
मला वाटलं, आता रडेल, शिव्या घालेल,
चार वर्षांची फी माझ्याकडे मागेल.
"मग तो सुताचा काटा विकणार का?
पितळेचा, कपाटात, वरच्या फळीवर.
त्याचं एक वजन हरवलंय. माझ्याच हातून.
नुसत्या बोटांवर लोक किती दिवस विश्वास ठेवतील?"

रात्री मी इतिवृत्त पुरं करायला बसले.
सभा संपल्याची वेळ लिहून झाली होती, चार वाजून दहा.
तिच्या वर दोन ओळींची जागा उरली होती.
तिथे बारीक अक्षरात लिहिलं:
अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचा विषय.
काटा एक, पितळी, एक वजन कमी,
बाजाराच्या गरजेनुसार बाजारास देण्यात यावा.
सूचक: बुसोलो सर.
अनुमोदकाच्या जागी, एकवीस वर्षांत पहिल्यांदा, माझं नाव.

परवानगी उद्या मागेन.